खोट्या दवाखान्यातला खरा सराव

तुमचे प्रश्न : सांकेतिक भाषा इंटरप्रिटरचं प्रशिक्षण

भारतीय सांकेतिक भाषेच्या, म्हणजे आयएसएलच्या, इंटरप्रिटर (दुभाषा) पदविकेचे विद्यार्थी आणि त्यांना शिकवणारे यांच्या पत्रांपैकी सात पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच आहे : वर्गात जमतं, बाहेर जमत नाही. एक खुलासा आधीच करतो. ऐकू न येणारी, ही भाषा वापरणारी माणसं स्वतःला ‘डेफ’ म्हणवतात, म्हणून इथे तोच शब्द वापरला आहे. ‘मूकबधिर’ त्यांना खटकतो आणि तो चुकीचाही आहे. ज्यांना आख्खी भाषा आहे, ते मूक कसे?

प्रश्न : आमच्या वर्गात दर आठवड्याला रोलप्ले असतो. एकजण डॉक्टर, एकजण डेफ पेशंट, एकजण इंटरप्रिटर. संवाद छापूनच मिळतात. सगळ्यांचं छान होतं. पण खरी डेफ व्यक्ती समोर आली की हात थिजतात. रोलप्ले खरा कसा करायचा?
– दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमच्या रोलप्लेत दोन गोष्टी खोट्या आहेत. इंटरप्रिटरला पुढचं वाक्य ठाऊक आहे आणि डेफ पेशंटला ऐकू येतंय. दुसरी जास्त घातक. डॉक्टरचं वाक्य मैत्रिणीला कानानेच कळलेलं असतं, त्यामुळे तुमची साइन चुकली तरी ती बरोबर उत्तर देते. चूक झाकली जाते आणि ‘छान झालं’ म्हणून टाळ्या पडतात.

तेव्हा पेशंटच्या खुर्चीत डेफ व्यक्तीच बसवा, आणि तिला मानधन द्या. फुकटात, चहावर बोलावलं की ती दुसऱ्यांदा येत नाही, आली तर पाहुण्यासारखी सांभाळून घेते. एखाद्या दिवशी कोणीच मिळालं नाही तर मैत्रिणीच्या कानांत फोमचे इअरप्लग, त्यावर हेडफोन आणि त्यात पंख्यासारखी सततची घरघर लावा. तिची साइन डेफ माणसाची होणार नाही, पण कळलं नाही तर निदान खरंच कळणार नाही.

आता संवादाऐवजी चिठ्ठ्या. डॉक्टर, पेशंट आणि पेशंटसोबत आलेले नातेवाईक, तिघांना वेगवेगळ्या. कोणाची चिठ्ठी कोणी बघायची नाही. तयार वाक्य एकही नको, फक्त मजकूर. डॉक्टरच्या चिठ्ठीत असं काही : पिवळ्या पाकिटातली गोळी अर्धी, रात्री जेवणानंतर, पाच दिवस. ती संपल्यावरच पांढऱ्या पाकिटातली, एक पूर्ण, सकाळी उपाशीपोटी, पंधरा दिवस. पेशंटच्या चिठ्ठीत : तुम्ही आधीच बीपीची गोळी घेता, पण विचारल्याशिवाय सांगू नका. नातेवाइकाच्या चिठ्ठीत : मधेच डॉक्टरांना म्हणा, ‘तिला काही कळत नाही, मलाच सांगा.’ इंटरप्रिटरला फक्त तेवढंच द्या, जेवढं काम मिळताना व्हॉट्सअ‍ॅपवर येतं : ठिकाण, वेळ, ‘जनरल ओपीडी’. तयारीला दहा मिनिटं, प्रसंगाला बारा.

टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्या, एक बोथट सुरी, दोन रंगांची पाकिटं आणि कागदावर आखलेले पंचवीस दिवसांचे चौकोन ठेवा. प्रसंग संपला की डेफ व्यक्तीने डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे गोळ्या चौकोनांत मांडायच्या. इथे कोणाचं मत विचारावं लागत नाही. पहिल्या दिवशी पिवळी आणि पांढरी दोन्ही एकदम मांडली गेली, तर ‘ती संपल्यावरच’ हा दुवा पोचलेला नाही.

हा दुवा का निसटतो? बहुतेकदा इंटरप्रिटर पिवळ्या पाकिटाला डावीकडे जागा देतो, पांढऱ्याला उजवीकडे, आणि चार वाक्यांनी स्वतःच विसरून उलट बोट दाखवतो. आयएसएलमध्ये ती जागाच सर्वनामाचं काम करते. जागा बदलली की औषध बदललं. दुसरी नेहमीची चूक ‘अर्धी’ची : आधी गोळी, वेळ, जेवण सगळं साइन होतं आणि ‘अर्धी’ शेवटी आठवून चिकटवली जाते. मग अर्धी गोळी की अर्धे दिवस?

नातेवाइकाचं वाक्यही डेफ पेशंटला साइन करून सांगायचंच असतं. नव्वद टक्के विद्यार्थी ते गिळतात, ‘तिला वाईट वाटेल’ म्हणून. पण खोलीत बोललं गेलेलं सगळं कळणं हा तिचा हक्क आहे. आणि मान डोलावण्याबद्दल एक सावधगिरी : समोरचा साइन करत असताना डेफ व्यक्ती मान हलवते, ती बरेचदा ‘चालू द्या, बघतेय’ एवढ्याच अर्थाने. त्याचं ‘हो डॉक्टर, समजलं’ असं व्हॉइसिंग केलंत, म्हणजे आवाजात बोलून दाखवलंत, तर डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारतील.

एकच प्रसंग तीनदा करा. दुसऱ्यांदा तो इंटरप्रिटर घ्या, जो पहिल्या वेळी खोलीबाहेर बसला होता. तिसऱ्यांदा पहिल्यालाच परत बोलवा, पण न सांगता एक आकडा बदला. पाचाचे सात दिवस करा. आठवणीवर हात चालवणारा तिथे सापडतो. चर्चा आयएसएलमध्येच व्हावी आणि सर्वांत आधी डेफ व्यक्तीने बोलावं. ऐकणाऱ्यांनी आपसात मराठीत चर्चा करायची आणि तिने भिंतीकडे बघत बसायचं, असा प्रकार चालत असेल तर रोलप्ले बंद केलेला बरा.

प्रश्न : मराठी ऐकून साइन करणं जमतं, पण डेफ व्यक्तीची साइन बघून मराठीत बोलताना माझी वाक्यं तुटतात. आकड्यांत तर हमखास गोंधळ होतो.
– प्रशिक्षणार्थी, नाशिक

उत्तर : व्हॉइसिंगचा सराव सगळीकडेच कमी होतो, आणि मराठीत तो इंग्रजीपेक्षा अवघड आहे, कारण मराठी क्रियापद लिंग उघड करतं. डेफ बाई साइन करताहेत आणि तुम्ही पुरुष इंटरप्रिटर आहात. बोलायचं प्रथमपुरुषात आणि त्यांच्या लिंगात : ‘मी काल बँकेत गेले होते.’ लाजून ‘त्या म्हणताहेत की त्या गेल्या होत्या’ असं केलंत की बँकेचा माणूस तुमच्याशीच बोलायला लागतो. यावर साधा उपाय : चिठ्ठ्यांवर ‘आजी, सत्तर’, ‘कॉलेजातला मुलगा’, ‘नोकरदार बाई’ असं लिहा, एकच दोन मिनिटांचा आयएसएल व्हिडिओ तिघांच्या तोंडून बोला. आजीच्या तोंडी ‘अ‍ॅक्चुअली’ आला तर थांबवा.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चं तसंच. समोर बोट दाखवलं की साइन झाली, त्यात आदर-अनादर वेगळा नाही. तो नात्यावरून तुम्हालाच ठरवायचा असतो, आणि पहिल्या वाक्याच्या आत. पन्नाशीचे डेफ गृहस्थ मॅनेजरला ‘तू माझं खातं बंद का केलंस’ म्हणाले, असं तुमच्या तोंडून गेलं तर भांडण त्यांचं नाही, तुम्ही लावलेलं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत मात्र साइन मदत करते : हाताची फेरी समोरच्याला आत घेते की बाहेर ठेवते, ते बघा.

आकड्यांचा गोंधळ तुमच्या मेंदूचा नाही, मराठीचा आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना आधी तीन येतो, मग साठ. साइनमध्ये आधी सहा, मग तीन. घाईत हात ३६ करतो. ‘एकोणसत्तर’मध्ये कानाला सत्तर ऐकू येतं आणि हात ७ वर जातो, हवा असतो ६. शिवाय सव्वा, दीड, अडीच, पावणे. ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५, ‘सव्वा लाख’ म्हणजे १,२५,०००, ‘पावणेदोनला या’ म्हणजे १:४५. साठ चिठ्ठ्या करा : वीस दोन अंकी, त्यात २९, ३९ ते ८९ सगळे ‘एकोण’वाले, वीस पावणे-सव्वाचे, वीस रक्कम, तारीख आणि फोन नंबर. रोज पाच मिनिटं, दोन्ही दिशांनी, आणि सुटे आकडे नकोत, वाक्यात : ‘एकोणऐंशी रुपये कापले, पावणेतीनशे राहिले.’ सुटे आकडे सगळ्यांना येतात. चूक होते ती वाक्य चालू असताना. शंका आली तर प्रत्यक्ष कामात आकडा लिहून दाखवा. त्यात कमीपणा नाही.

वाक्यं तुटतात, कारण तुम्ही पहिली साइन दिसताच बोलायला सुरुवात करता. कर्ता कोण हे ठरलेलं नसताना मराठी वाक्य सुरू केलं की मधेच ते मोडून दुरुस्त करावं लागतं. थांबा. श्रोत्यांना दोन सेकंदांची शांतता बोचत नाही, ‘म्हणजे... अं... तो... ती’ बोचतं.

प्रश्न : मी वक्त्याच्या मागे पडलो की वाक्यंच्या वाक्यं सुटतात, म्हणून जवळून चालतो, तर मॅडम म्हणतात ‘शब्दाला शब्द करतोयस’. किती अंतर ठेवावं?
– विद्यार्थी, मुंबई

उत्तर : मॅडमचं बरोबर आहे. १९८६मध्ये अमेरिकेत डेनिस कोकली यांनी इंटरप्रिटरांचं हे अंतर, म्हणजे वक्त्याचं बोलणं आणि इंटरप्रिटरची साइन यांतला वेळ, मोजलं, तेव्हा साधारण दोन सेकंदांच्या अंतराने चालणाऱ्यांच्या चुका चार सेकंदांनी चालणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. जवळून चालणं सुरक्षित वाटतं, असतं उलटच.

आपल्याकडे एक जास्तीचा सापळा आहे. मराठीतही क्रियापद शेवटी, आयएसएलमध्येही बहुधा शेवटी. त्यामुळे शब्दामागे शब्द ठेवत गेलं तरी ‘व्याकरण जुळतंय’ असा भास होतो. पण हे वाक्य घ्या : ‘मी त्या दिवशी दुकानात गेलो होतो असं मी कधीच म्हटलेलं नाही.’ जवळून चालणाऱ्याने ‘तो दिवस, दुकान, मी गेलो’ हे साइन करून टाकलेलं असतं आणि मग ‘नाही’ येतं. जवाब उलटा झाला.

सराव चार टप्प्यांत करा, एकेक आठवडा. पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण घ्या. आधी हात खाली, एक वाक्य मागे राहून तेच मराठीत पुटपुटा. मग तेच स्वतःच्या शब्दांत. मग फक्त दर वाक्याचा गाभा साइन करा. शेवटी पूर्ण. मुद्रण थांबवायचं नाही. थांबवण्याची सवय ही घरच्या सरावाची सर्वांत वाईट खोड, कारण माणसाला पॉजचं बटण नसतं. आणि अंतर रबरासारखं ठेवा : युक्तिवाद, गोष्ट, कारणमीमांसा आली की लांबवा, आकडे, नावं, यादी आली की लगेच जवळ या, ते डोक्यात टिकत नाहीत.

सरावाला बातम्या घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी. बातमीपत्र हे लिहिलेलं आणि ठासून भरलेलं असतं, त्यात कोणी अडखळत नाही, पुन्हा सांगत नाही. शेतकऱ्याची मुलाखत, सोसायटीची सभा, पालकसभा असलं काही घ्या.

प्रश्न : प्रत्यक्ष अनुभव मिळावा म्हणून आमच्यापैकी काहीजण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात मदतीला जायचं म्हणताहेत. जावं का?
– तिघी विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नाही. तिथे पणाला लागतो तो दुसऱ्याचा जवाब. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५नुसार बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष इंटरप्रिटरच्या मदतीने घेतली तर तिचं चित्रीकरण करावं लागतं, आणि शपथ अधिनियम, १९६९नुसार इंटरप्रिटरलाही शपथ घ्यावी लागते. बालकांच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम ३८ आहे. शिकाऊ हातांची ती जागा नाही. परवानगी काढून, अनुभवी इंटरप्रिटरच्या मागे बसून नुसतं बघायला मिळालं तर जरूर जा. वही नेऊ नका, आणि बाहेर आल्यावर गप्प राहा.

सराव अभिरूप न्यायालयात करा. विधी महाविद्यालयांना उलटतपासणीसाठी साक्षीदार हवेच असतात. दोन गोष्टी मुद्दाम घाला. एक, नकारार्थी प्रश्न : ‘तुम्ही तिथे गेला नव्हतात ना?’ डेफ साक्षीदाराने होकारार्थी मान डोलावली. मराठीत ‘हो’ म्हणजे ‘गेलो नव्हतो’. साक्षीदाराच्या मनात तेच आहे का? इंटरप्रिटरने स्वतः ठरवायचं नाही. ‘उत्तर दोन्ही अर्थांनी घेता येतं, प्रश्न पुन्हा विचारावा’ असं न्यायाधीशांना सांगायचं.

दुसरी गोष्ट जास्त बारकाईची. वकील विचारतात, ‘त्याने तुम्हाला मारलं का?’ मराठीत ‘मारलं’ मोघम राहू शकतं. साइनमध्ये हाताला काहीतरी आकार द्यावाच लागतो : थप्पड, बुक्की, काठी. मारण्याची दिशाही दिसते. तुम्ही थप्पड दाखवलीत की प्रश्नातच उत्तर सुचवलं गेलं. अशा वेळी न्यायालयाला सांगून दोन-तीन पर्याय ओळीने दाखवायचे आणि ‘की आणखी काही?’ जोडायचं. हा प्रसंग वर्गात दहा वेळा करा. पहिल्या पाच वेळा सगळे थप्पडच दाखवतात.

प्रश्न : आमच्या गावात डेफ मंडळी मोजकीच आहेत. मोबाइल आणि इंटरनेटवरचा शब्दकोश एवढ्यावर किती मजल जाईल?
– प्रशिक्षणार्थी, रत्नागिरी

उत्तर : दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशाने २०२१मध्येच दहा हजार नोंदींचा टप्पा गाठला. शब्द अडला तर तो उत्तम. पण त्यातून भाषा शिकू नका. तिथे प्रत्येक साइन एकटी, स्वच्छ, हात खाली घेऊन सुरू होते. बोलण्यात ती आधीच्या साइनमधून निघते, पुढचीत विरघळते. नाती, वार, शहरं यांच्या साइन्स प्रांतागणिक बदलतात, तेही लक्षात ठेवा. मोजकी मंडळी आहेत ना? मग आठवड्यातून दोन तास त्यांच्यात बसा. काम करायला नव्हे, गप्पांना.

स्वतःचं चित्रण करताना मोबाइल छातीच्या उंचीवर, आडवा ठेवा. चौकटीत डोक्यावर चार बोटं जागा, खाली कंबर, दोन्ही बाजूंना कोपरं मावतील एवढी मोकळीक. खिडकी पाठीशी नको, चेहरा काळा पडतो, आणि भुवया दिसल्या नाहीत तर तो प्रश्न होता की विधान हे कळतच नाही. सेकंदाला ६० फ्रेम्सची सोय असेल तर ती लावा. ३० फ्रेम्सवर, त्यातही मंद प्रकाशात, फिंगरस्पेलिंगची, म्हणजे एकेक अक्षर दाखवणारी, बोटं धूसर होतात. अंगात एकरंगी, कातडीच्या रंगापेक्षा वेगळा कपडा.

तपासताना आधी आवाज बंद करून बघा. विषय माहीत नसलेल्याला यातून काय कळेल, ते लिहून काढा. मग आवाज लावून मूळ मजकुराशी ताडा आणि तीनच खुणा करा : सुटलं, वाढवलं, बदललं. पाच मिनिटांचं चित्रण नीट तपासायला तासभर लागतो. तो नसेल तर दोनच मिनिटांचं करा.

प्रश्न : दोन इंटरप्रिटर असले की एकजण मोबाइल बघत बसतो. जोडीने काम करायला कसं शिकवावं?
– प्रशिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पाळी वीस मिनिटांची ठेवा. अर्ध्या तासाच्या पुढे दर्जा घसरतो आणि गंमत म्हणजे करणाऱ्याला ते जाणवत नाही, म्हणून ‘मी दमलो नाही’ हे ऐकून घेऊ नका. बसलेल्याचं काम नेमून द्या : तो डेफ श्रोत्यांशेजारी, काम करणाऱ्याच्या नजरेत बसेल; आकडे व नावं कागदावर टिपेल, आणि सुटलेली साइन मांडीवर छोटी करून पुरवेल. सरावात काम करणाऱ्याच्या कानाशी मुद्दाम दर दोन मिनिटांनी खुर्ची सरकवा किंवा मोठ्याने खोकून दाखवा, म्हणजे एखादा शब्द बुडेल आणि मदत मागावीच लागेल. मदत मागायची खूण आधी ठरवून घ्या. भुवई उंचावणं ती खूण नव्हे, त्याला आयएसएलमध्ये अर्थ आहे.

प्रश्न : मी डेफ आहे. मी इंटरप्रिटर होऊ शकते का?
– वाचक, पणजी

उत्तर : हो. शाळेत न गेलेले, घरच्याच खुणा वापरणारे वयस्क डेफ, लहान मुलं, किंवा अपघातात हात दुखावलेला माणूस यांचं म्हणणं ऐकणाऱ्या इंटरप्रिटरला बरेचदा उमगत नाही. तिथे डेफ इंटरप्रिटर आणि ऐकणारा इंटरप्रिटर अशी जोडी लागते. सरावासाठी तुम्ही त्या व्यक्तीसमोर बसा, ऐकणारा सहकारी तिच्या मागे किंचित बाजूला, म्हणजे तो तुम्हाला दिसेल, तिला नाही. शब्दांऐवजी कॅलेंडर, नोटा, घराचा नकाशा, मोबाइलमधले फोटो वापरून ‘हे कधी घडलं’ एवढंच काढून घ्यायचा प्रयत्न करा. ‘गणपतीच्या आधी की नंतर’ विचारलं की तारीख सापडते, ‘कितव्या महिन्यात’ विचारून सापडत नाही. अशा कामाला दुप्पट वेळ लागतो, तो आधीच मागून घ्या.